पायाखालची तार

पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या पायाखाली कोणती जाळी असावी, हा सरकारने लक्ष घालण्याजोगा प्रश्न आहे का? १९६५ साली ब्रिटनमध्ये तो तसा ठरला. बँगोर येथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीने त्या वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल दिला. त्यातल्या मोठ्या शिफारशींच्या गर्दीत एक बारीकशी शिफारस होती. पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षटकोनी जाळी वापरू नये, जाड तारेची चौकोनी जाळी वापरावी, असे समितीने म्हटले होते. त्यामागचा विचार समजायला कठीण नाही. बारीक तार पायात रुतणार. आपण स्वतः अनवाणी तिच्यावर उभे आहोत अशी कल्पना केली तरी पुरे.

आठ वर्षांनी, १९७३ मध्ये, एडिंबरोच्या कुक्कुट संशोधन केंद्रातल्या ह्यूज आणि ब्लॅक या दोघांनी हाच प्रश्न कोंबड्यांपुढे ठेवला. वेगवेगळ्या जाळ्यांचे तळ ठेवले, कोंबडीला एकावरून दुसऱ्यावर जाण्याची मोकळीक दिली आणि ती कुठे किती वेळ काढते ते मोजले. कोंबड्यांचा कल दिसला तो समितीने बाद केलेल्या षटकोनी जाळीकडे. कारण शोधू गेल्यावर साधे निघाले. बारीक, दाट जाळीत पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळतो. जाड तारेची चौकट रुंद असली की बोटे मोजक्याच जागी टेकतात आणि सगळा भार तिथे पडतो.

समितीतली माणसे निर्दय नव्हती, अडाणी तर मुळीच नव्हती. केंब्रिजचे डब्ल्यू. एच. थॉर्प यांच्यासारखा पक्ष्यांच्या वर्तनाचा नामांकित अभ्यासक त्यात होता. तरीही त्यांनी कोंबडीच्या पायाच्या जागी माणसाचा पाय कल्पिला. अंड्याच्या कोंबडीच्या पिंजऱ्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला हा प्रयोग पुन्हा पुन्हा आठवतो. पिंजरा वाईट म्हणणाऱ्यांनी आणि चांगला म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही, कोंबडीच्या वतीने बोलण्याची घाई केली. तिचे पाय, नखे, पिसे आणि हाडे काय सांगतात याचा हिशेब मात्र तुरळक माणसांनी सावकाश मांडला.

पिंजरा आला तो मुळात हिशेबासाठीच, फक्त वेगळ्या हिशेबासाठी. मोकळ्या कळपात कोणती कोंबडी अंडी घालते आणि कोणती नुसतीच दाणे खाते हे कळत नाही. एका पिंजऱ्यात एक कोंबडी ठेवली की रोजची नोंद होते आणि आळशी कोंबडी बाजूला काढता येते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात असे प्रयोग होऊ लागले. पण कोंबडी बारा महिने छपराखाली ठेवणे तोवर शक्यच नव्हते. हिवाळ्यात आत कोंडलेल्या पिलांचे पाय लुळे पडत. विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, स्टीनबॉक, हॅल्पिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाच्या दशकाच्या सुरुवातीला या लुळेपणाचा उन्हाशी असलेला संबंध दाखवून दिला. पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाची उकल झाली, कॉड माशाच्या यकृताचे तेल खाद्यात मिसळता येऊ लागले आणि उन्हाची गरज बाटलीतून भागली. आजच्या अंड्याच्या कारखान्याचा दरवाजा या बाटलीने उघडला असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

तारेच्या तळाने दुसरा अडसर दूर केला. विष्ठा जाळीतून खाली पडते, म्हणून तिच्यातून पसरणारा कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवणीचा रोग, आणि पोटातले जंत एकदम कमी झाले. पिंजऱ्याच्या बाजूने असलेला हा मुद्दा खोटा नाही. विरोधकांपैकी जे तो टाळतात ते स्वतःचेच म्हणणे कच्चे करतात. तळाला पुढच्या बाजूस उतार दिला, म्हणजे अंडे घातल्याबरोबर ते घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येते. कोंबडीला ते चोचीने फोडता येत नाही, विष्ठाही लागत नाही. समोर खाद्याची पन्हळ, मागे किंवा मध्ये पाणी. असे पिंजरे रांगेने आणि एकावर एक रचले की झाली ‘बॅटरी’. एकच कोंबडी ठेवायचा पिंजरा दोघींचा झाला, मग तिघींचा, चौघींचा. नोंदीचा मूळ हेतू मागे पडला आणि दर कोंबडीमागे तारेचा नि छपराचा खर्च किती, एवढा उरला. तळाचा उतार अंड्यासाठी, समोरचे गज खाद्यासाठी, उंची वरच्या मजल्यासाठी. प्रत्येक मापाला कारण होते आणि एकाही कारणाचा उगम कोंबडीच्या शरीरात नव्हता.

आपल्याकडे याचे जे रूप रुळले त्याला पोल्ट्रीवाले कॅलिफोर्निया केज म्हणतात. इथे पिंजरे थेट एकावर एक नसतात. पायऱ्यांसारखे मागे सरकत चढतात, त्यामुळे वरच्या कोंबडीची विष्ठा खालच्या कोंबडीवर न पडता जमिनीवर पडते. शेड दोन्ही बाजूंनी उघडी, कारण आपला प्रश्न थंडीचा नसून उन्हाळ्याचा. पुण्यात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. ‘संडे हो या मंडे’ ही तिचीच जाहिरात. त्यानंतर अंडे ही शहरी मध्यमवर्गाच्या घरातली रोजची वस्तू झाली. खुराडे, डालगे, खुडूक बसलेली कोंबडी हे शब्द त्याच घरांतून हळूहळू नाहीसे झाले.

ब्रिटनमध्ये वादाला तोंड फोडले ते रूथ हॅरिसन या बाईंनी. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. १९६४ मध्ये त्यांचे ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक आले. त्याला प्रस्तावना होती रॅचेल कार्सन यांची, म्हणजे कीटकनाशकांवर लिहून दोनच वर्षांपूर्वी अमेरिका हादरवणाऱ्या लेखिकेची. लोकांत इतकी खळबळ उडाली की सरकारला त्याच वर्षी ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. समितीने सांगितले की कोंडलेल्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. पुढे जगभर ‘पाच स्वातंत्र्ये’ म्हणून जे गाजले त्याचे बीज हे. पण ही मूळची पाच पुन्हा एकदा वाचावीत. पाचही जागेविषयी आहेत. अंडे घालायला आडोसा, अंग घोळायला धूळ, रात्री बसायला उंच दांडी यांचा त्यांत मागमूस नाही. पिंजरा अपुरा आहे तो फक्त लहान असल्यामुळे, असा या यादीचा सूर निघतो. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांतला बराच वाद या सुरामुळे चौरस सेंटिमीटरांत अडकून पडला.

चौरस सेंटिमीटरही नीट मोजले गेले ते उशिरा. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी हार्डी यांच्याबरोबर १९८९ मध्ये तपकिरी कोंबड्यांची वरून चित्रे घेऊन, प्रत्येक हालचालीला किती जागा व्यापली जाते ते काढले. नुसते उभे राहायला सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर. पाय-नखांनी जमीन उकरायला ८५६, पंख ताणायला ८९३, चोचीने पिसे साफ करायला ११५१, वळायला १२७२ आणि पंख फडफडवायला १८७६. त्या वेळी युरोपीय समुदायाचा १९८६ चा नियम दर कोंबडीला ४५० चौरस सेंटिमीटर देत होता. आपल्या छपाईचा ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे नियमाप्रमाणे वागणाऱ्या पिंजऱ्यातही सगळ्या कोंबड्या एकाच वेळी सैल उभ्या राहू शकत नव्हत्या. एकीने वळायचे तर दुसरीने आक्रसायचे.

डॉकिन्स यांचे आधीचे प्रयोग मला याहून महत्त्वाचे वाटतात. १९७७ मध्ये त्यांनी कोंबड्यांना पिंजरा आणि बाहेरचे मोकळे आवार यांतून निवड करू दिली. बाहेर वाढलेल्यांनी लगेच आवार निवडले. पिंजऱ्यात वाढलेल्यांपैकी अनेकींनी आधी पिंजराच निवडला; थोड्याशा अनुभवानंतर त्यांचा कल बदलला. कोंबडीला विचारायचे तर एकदा विचारून भागत नाही, हे यातून कळले. जे कधी पाहिलेच नाही ते ती कशी मागेल? १९८१ मध्ये त्यांनी जागा आणि तळ यांची गाठ एकमेकांशी घातली. एका बाजूला मोठा पण तारेचा पिंजरा, दुसऱ्या बाजूला लहान पण भुसा-मातीचा तळ. कोंबड्या लहान पिंजऱ्यात गेल्या. ज्याच्या परड्यात कधी कोंबड्या होत्या त्याला याचे नवल वाटणार नाही. दुपारच्या उन्हात खड्डा करून, पंख पसरून, धूळ अंगावर उडवत पडलेली कोंबडी पाहिली की ती नुसती खेळत नाही हे कळते.

अंडे घालण्याच्या वेळी तर हे अधिकच स्पष्ट होते. मोकळी कोंबडी अंड्यावर आली की कणगीमागे, पाटीत, अडगळीत जागा शोधत फिरते. पिंजऱ्यातली कोंबडी त्याच वेळी अस्वस्थ येरझाऱ्या घालते. एडिंबरोच्या वुड-गश यांनी दाखवले की या शोधाची चावी बाहेरच्या परिस्थितीत नसून कोंबडीच्या अंडाशयातून सुटणाऱ्या संप्रेरकांत आहे. जागा असो-नसो, शोध सुरू होतोच. पुढे जड दार ढकलून आडोशाला पोहोचायची सोय करून पाहिली, तेव्हा अंड्याची वेळ जवळ आलेली कोंबडी काही तास उपाशी कोंबडी दाण्यासाठी लावते तितका, किंबहुना अधिक, जोर लावते असे दिसले. पिंजरा दुप्पट मोठा केला तरी ही गरज भागत नाही. कोपऱ्यात एक पडदा लावला तर बरीचशी भागते.

इथे स्वीडनच्या राग्नार टाउसन यांच्याकडे वळायला हवे. या विषयातला माझा आवडता माणूस. पिंजरा हवा की नको या वादात न शिरता त्यांनी सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत पिंजऱ्याचा एकेक भाग वेगळा काढून तपासला. समोरचे गज उभे असले की डोके-मान अडकून मरणाऱ्या कोंबड्या वाढतात आणि मानेवरची पिसे झिजतात. आडवे गज बसवले की दोन्ही कमी होते. बाजूची भिंत जाळीची न ठेवता सलग पत्र्याची केली की शेजारणीशी घासाघीस थांबते आणि पिसे टिकतात. पिसे टिकणे ही केवळ दिसण्याची बाब नाही. उघड्या अंगाची कोंबडी ऊब राखायला जास्त दाणे खाते. तळाचा उतार तीव्र असला की अंडी झटकन बाहेर येतात, पण कोंबडीला सतत घसरण सावरत उभे राहावे लागते आणि तळव्यावर कडक घट्टे पडतात, चिरा जातात. उतार फार सौम्य केला तर अंडी आतच राहतात, तुडवली जातात. अंडे आणि पाय यांच्यातला हा तंटा शेवटी ८ अंशांच्या आसपास मिटवला गेला. युरोपच्या नियमात तोच आकडा कमाल म्हणून आला.

नखांची गोष्ट तर मासलेवाईक आहे. मातीत उकरणाऱ्या कोंबडीची नखे आपोआप झिजतात. तारेवर ती वाढतच जातात, वळतात, जाळीत अडकतात, तुटतात. टाउसन यांनी पाहिले की खाताना कोंबडी सवयीने पायाने उकरत राहते. समोर पन्हळीत दाणे आहेत, पायाखाली तार आहे, तरी पाय उकरतात. मग त्यांनी खाद्याच्या पन्हळीखालच्या पट्टीला, पाय जिथे लागतात तिथेच, खरखरीत घासपट्टी चिकटवली. तेवढ्याने नखे आखूड राहिली. खर्च नाममात्र. स्वीडनमध्ये नवे पिंजरे बाजारात येण्याआधी त्यांची चाचणी घेण्याची पद्धत होती, म्हणून ही सुधारणा कागदावर न राहता कारखान्यांत गेली.

आता हाडांकडे. पिंजऱ्याची सर्वांत जड किंमत तिथे मोजली गेली, आणि ती बाहेरून दिसत नव्हती.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यातल्या कॅल्शियमचा जवळपास दहावा भाग. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते; आजची संकरित कोंबडी तीनशेच्या वर. कवच मुख्यतः रात्री घडते, तेव्हा पोटात नवे खाद्य पडत नसते. निसर्गाने यासाठी एक तिजोरी दिली आहे. कोंबडी वयात आली की तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक मऊसर, भरभरीत हाड तयार होते. त्यातले कॅल्शियम रात्री काढायचे, दिवसा भरायचे. अडचण अशी की ही काढ-भर चालू असताना शरीराचा भार पेलणारे खरे हाडही थोडेथोडे झिजते आणि अंड्यांचा हंगाम संपेपर्यंत नव्याने घडत नाही. हाड जाड ठेवायचा एकच घरगुती उपाय, त्याच्यावर भार पडला पाहिजे. चालणे, उडी मारणे, पंख मारून दांडीवर चढणे. पिंजऱ्यात नेमके तेवढेच नव्हते.

अमेरिकेत १९५५ मध्ये काउच यांनी पिंजऱ्यातल्या, अंड्यावर असलेल्या कोंबड्या अचानक पाय गळून आडव्या पडतात याचे वर्णन केले. नाव पडले ‘केज लेयर फटीग’, म्हणजे पिंजऱ्याचा थकवा. मला हे नाव फसवे वाटते. ती थकलेली नसते, तिची हाडे रिकामी झालेली असतात. १९८९ मध्ये ब्रिस्टलच्या ग्रेगरी आणि विल्किन्स यांनी अंड्यांचा हंगाम संपवून कत्तलखान्यात आलेल्या बॅटरीच्या कोंबड्या तपासल्या. बेशुद्ध करण्याच्या टप्प्याआधीच त्यांतल्या २९ टक्के कोंबड्यांचे एखादे तरी हाड मोडलेले होते. यातली बरीचशी मोडतोड पिंजऱ्यातून बाहेर ओढताना होते. दार अरुंद, हात घाईचा, आणि मांडीचे हाड काडीसारखे. वर्षभर अंडी गोळा करणाऱ्याला ही गोष्ट कधी कळलीच नसेल, कारण अंड्यांच्या आकड्यात ती उमटत नव्हती. नंतर ज्या पिंजऱ्यांचे पुढचे तोंड पूर्ण उघडते ते पसंत केले गेले यामागे हा अनुभव आहे.

उपाय म्हणून सुचली ती जुनीच वस्तू, दांडी. १९७० च्या दशकापासून ब्रिटनमध्ये दांड्या, आडोसा आणि धुळीची पेटी असलेले पिंजरे करून पाहिले जात होते. एडिंबरोत ॲपलबी आणि ह्यूज यांनी ते घासूनपुसून वापरण्याजोगे केले. हा ह्यूज म्हणजे जाळीवाला ह्यूजच. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन या बालसाहित्यिकेने क्रिस्टिना फोर्सलंड या पशुवैद्य बाईंना बरोबर घेऊन वर्तमानपत्रांतून जी मोहीम चालवली तिच्यातून १९८८ चा कायदा झाला. स्वित्झर्लंडने तर त्याआधीच बॅटरीला मुदत घालून दिली होती आणि १९९२ उजाडता ती संपली. युरोपीय संघाने १९९९ मध्ये ठरवले की १ जानेवारी २०१२ पासून जुना उघडा पिंजरा बंद. सजवलेल्या पिंजऱ्यात दर कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर, आडोसा, उकरायला जागा, नखे झिजवायची पट्टी आणि १५ सेंटिमीटर दांडी. टाउसन यांची घासपट्टी अशी कायद्याच्या मजकुरात जाऊन बसली. मुदतीच्या दिवशी तेरा देश तयार नव्हते ते सोडा.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, म्हणजे ब्रॅम्बेल अहवालाच्या आधीचा. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे त्याच्या अकराव्या कलमाने गुन्हा ठरवले. पण किती लांबी-रुंदी म्हणजे पुरेशी, याचा आकडा कलमात नाही आणि बॅटरी पिंजरे त्या कलमाच्या सावलीत निर्धोक वाढले. विधी आयोगाने २०१७ च्या जुलैमध्ये २६९ वा अहवाल खास अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर दिला, तेव्हा हे कलम सत्तावन्न वर्षांचे झाले होते.

दांडीने पाय आणि पंखांची हाडे बळकट केली, याबद्दल शंका नाही. पण छातीच्या हाडाने वेगळाच जबाब दिला. पक्ष्याच्या छातीला नावेच्या तळासारखी एक उभी हाडाची कड असते; दांडीवर बसताना सगळे वजन तिच्यावर येते. विल्किन्स यांच्याच गटाने २०११ मध्ये वेगवेगळ्या व्यवस्थांतल्या कोंबड्यांची ही कड तपासली. सजवलेल्या पिंजऱ्यांत सुमारे ३६ टक्के कोंबड्यांची कड मोडून पुन्हा जुळलेली होती. पिंजराच नसलेल्या, अनेक मजल्यांच्या उंच दांड्यांच्या शेडमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. ज्या हाडांना व्यायाम हवा होता ती सुधारली आणि जे हाड पडण्या-आपटण्यापासून वाचत होते ते मोडू लागले. पिंजऱ्याच्या समर्थकांना हा आकडा फार आवडला. दांडीवर दाबमापक बसवून कड आणि तळवे यांवर किती भार येतो ते जर्मनीत मोजले गेले, तिला मऊ आवरण घातले की दाब कमी होतो असे दिसले. स्वित्झर्लंडमध्ये मजल्यांना उतरत्या फळ्या लावल्या, तर पडणे आणि मोडणे दोन्ही घटले. म्हणजे इथेही तपशिलानेच हात दिला.

पण सगळा दोष दांडीवर घालता येईल का, याविषयी २०२१ मध्ये डेन्मार्कमधून वेगळे काही आले. तिथल्या संशोधकांनी मोठ्या संख्येने कोंबड्या चिरून पाहिल्या. पिंजऱ्यातल्या काय आणि मोकळ्या काय, कड मोडलेल्या कोंबड्या सर्वत्र भरपूर निघाल्या. मोडलेली जागा बहुधा कडेचे मागचे टोक, आणि जोराने आपटल्याच्या खुणा फारशा नाहीत. ज्या कळपांत अंडी लवकर सुरू झाली होती तिथे प्रमाण अधिक होते. बाहेरच्या धक्क्यापेक्षा पोटातल्या अंड्याचा आतून येणारा रेटा कारण असावा, असा त्यांचा तर्क आहे. आजची संकरित कोंबडी पहिले अंडे घालते ती अठरा-वीस आठवड्यांची असताना. कडेचे ते मागचे टोक तेव्हा अजून कूर्चेचे, लवचिक असते. त्याचे पुरते हाड व्हायला पस्तीस-चाळीस आठवडे लागतात.